तक्रारीचा नंबर घेतलास का?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज गाडीबद्दल बोलायचं आहे. कुणी म्हणेल, गाडीचं बायकांना काय? तर आपल्याच गटाच्या वह्या काढून बघा. काही वर्षांपूर्वी कर्ज कशाला जायचं? शेळीला, शिलाई मशीनला, खत-बियाण्याला. आता त्याच वहीत बॅटरीवरच्या स्कूटरचं नाव येतं. कुणाची लेक कॉलेजला जाते, कुणी दूध घालायला जाते, कुणी बँक सखी म्हणून गावोगाव फिरते. शहरांत तर सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेतून बायका रिक्षा चालवायला लागल्यात. पैसा आपला, हप्ता आपला, आणि गाडी रात्री आपल्याच पडवीत उभी राहते. मग तिच्याबद्दल आपणच बोलायला हवं.

माझ्या घरातलंच सांगते. माझी धाकटी जाऊ बँक सखी आहे. तिने गटातून कर्ज काढून स्कूटर घेतली. सहा महिने गाडी छान चालली. मग चार्जिंगला लावली की बॅटरी इतकी तापायला लागली की वर हात ठेववेना. वासही उग्र यायचा. ती शोरूममध्ये गेली. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात होतंच असं." पुढच्या महिन्यात पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर. मी विचारलं, "अगं, तक्रार केलीस का?" म्हणाली, "केली की ताई, दोनदा केली." मी विचारलं, "तक्रारीचा नंबर घेतलास का?" तेव्हा गप्प बसली.

पुढे तालुक्याच्या मेळाव्यात कळलं, त्याच बनावटीच्या स्कूटरचं तेच दुखणं आणखी दोघींना होतं. तिघी तीन गावांच्या. तिघीही शोरूमच्या पायऱ्या झिजवून आलेल्या. आणि कागदावर तक्रारी किती? एकही नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी तिन्ही गाड्या ठणठणीत!

बोललं म्हणजे तक्रार झाली, असं आपल्याला वाटतं. पण बोललेली तक्रार वाऱ्यावर जाते. लिहिलेली, नंबर पडलेली तक्रार दुसरीला जाऊन मिळते. अशा दोन-तीन तक्रारी एकत्र आल्या तर काय होऊ शकतं, याची एक खरी गोष्ट सांगते. ती अमेरिकेतली आहे, पण तिच्यातून शिकण्यासारखं आपल्यालाही पुष्कळ आहे.

टवेरा गाडी आठवते ना? लग्नाच्या वऱ्हाडाला, जेजुरी-तुळजापूरला जायला गावागावातून टवेरा ठरवायचे. ती शेवरले या नावाची गाडी. शेवरले ही अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीची. पुण्याजवळ तळेगावला या कंपनीचा मोठा कारखाना होता. २०१७ च्या शेवटी कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं कामही थांबलं आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

याच कंपनीने अमेरिकेत विजेवर चालणारी एक कार काढली. तिचं नाव शेवरले बोल्ट. ही गाडी भारतात कधी विकली गेली नाही. २०१६ च्या अखेरीस ती अमेरिकेच्या बाजारात आली. एकदा चार्ज केली की सुमारे ३८० किलोमीटर जायची आणि किंमतही इतर विजेच्या गाड्यांच्या मानाने आवाक्यातली. नोकरदार माणसांनी, कुटुंबांनी ती हौसेने घेतली.

मग काही गाड्यांना आगी लागल्या. गाडी रस्त्यावर धावताना नव्हे, तर उभी असताना. आत कुणी नाही, गाडी बंद, आणि मागच्या सीटखालून धूर. बॅटरी तिथेच, सीटच्या आणि तळाच्या खाली बसवलेली होती. आता विचार करा, गाडी घराला लागून असलेल्या खोलीत उभी आहे आणि घरातली माणसं झोपलेली आहेत.

ज्यांच्या गाड्या जळल्या, त्यांच्यातल्या काहींनी तक्रार लिहून दिली. अमेरिकेत वाहनांच्या सुरक्षिततेसाठी १९६६ पासून कायदा आहे आणि त्यासाठी एक सरकारी खातं आहे. तिथे कुणीही गाडीमालक फुकट तक्रार नोंदवू शकतो. गाडीचा नंबर, तारीख आणि काय घडलं एवढं सांगायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये या खात्याने बोल्ट गाडीची चौकशी सुरू केली. त्या वेळी त्यांच्यापुढे किती गाड्यांच्या आगी होत्या, माहीत आहे? फक्त तीन. आणि चौकशीखाली आलेल्या गाड्या होत्या ७७ हजारांहून जास्त.

तीन आगी, तीन वेगवेगळी घरं. एकमेकांची ओळखसुद्धा नसेल. पण तिन्हींची हकीकत एकाच जागी लिहिली गेली, म्हणून ती एकसारखी आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मागची सीट, उभी गाडी, बॅटरी. एकेकटी तक्रार असती तर कंपनी म्हणाली असती, "तुमच्या घरची वायरिंग खराब असेल." तिन्ही शेजारी-शेजारी ठेवल्यावर तसं म्हणायची सोय राहिली नाही.

१३ नोव्हेंबर २०२० ला कंपनीने ६८ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. याला इंग्रजीत रिकॉल म्हणतात. गाडीत बनावटीचाच दोष आहे हे कंपनीने मान्य करायचं, मालकांना कळवायचं आणि दोष आपल्या खर्चाने काढून द्यायचा, असा त्याचा अर्थ. मालकाने एक पैसा द्यायचा नाही. रिकॉल झाला म्हणजे गाडी भंगारात गेली, असं नसतं. आपल्याकडे २०१३ मध्ये टवेराच्याच १ लाख १४ हजार गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या. तिथे प्रश्न आगीचा नव्हता, धुराच्या नियमांचा होता. त्यानंतरही आपण टवेरातून देवाला गेलोच की.

आता बोल्टच्या बॅटरीत बिघड काय होता, ते समजून घेऊ. अवघड नाही. आपण पापड लाटून एकावर एक ठेवतो तेव्हा मधे प्लास्टिकचा कागद घालतो, नाहीतर पापड पापडाला चिकटतो. बॅटरीच्या सेलमध्ये असेच पातळ थर असतात आणि दोन थरांच्या मधे एक बारीक पडदा असतो. पडद्याचं काम एकच, दोन थरांना एकमेकांना चिकटू द्यायचं नाही. ते चिकटले की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं, सेल तापतो, शेजारचा सेल तापतो आणि आग धरते. बोल्टच्या एका गाडीत असे २८८ सेल होते आणि सगळ्या बॅटरीचं वजन चार क्विंटलच्या वर.

कारखान्यात सेल बनवताना दोन चुका होत होत्या. थराला जोडलेली एक बारीक पट्टी कधी फाटायची आणि मधला पडदा कधी दुमडायचा. एकाच सेलमध्ये या दोन्ही चुका एकत्र आल्या, तर आगीचा धोका. असं क्वचितच व्हायचं. पण कोणत्या गाडीत झालंय, ते बाहेरून बघून कळायचं नाही. नवी कोरी गाडी, चकचकीत रंग, सीटवरचं प्लास्टिकही निघालं नसेल, आणि दोष आत खोलवर. म्हणून "माझी गाडी चांगली चाललीय, मला काय करायचंय" असं म्हणून भागत नाही.

पहिल्या रिकॉलच्या वेळी कंपनीने काय केलं? बॅटरी शंभर टक्के भरू द्यायची नाही, नव्वद टक्क्यांवर थांबवायची, अशी सोय गाडीच्या संगणकात केली. कारण बॅटरी काठोकाठ भरली की धोका वाढतो. २०२१ च्या वसंतात आणखी एक संगणकाची दुरुस्ती दिली आणि सांगितलं, झालं काम. लोक निश्चिंत झाले.

पण जुलै २०२१ मध्ये अशा दोन गाड्या जळाल्याचं समोर आलं, ज्यांची ही दुरुस्ती आधीच झालेली होती.

मैत्रिणींनो, गोष्टीतला हा भाग नीट लक्षात ठेवा. त्या मालकांनी सांगितलेलं सगळं केलं होतं. गाडी नेली, दुरुस्त करून आणली. तरी आग लागली. त्यांनी पुन्हा तक्रार केली नसती, "एकदा झालंय की आपलं" म्हणून गप्प बसले असते, तर अपुरी दुरुस्तीच पुरेशी मानली गेली असती. दुसऱ्या वेळची तक्रारही पहिल्याइतकीच मोलाची असते.

मग कंपनीने पुन्हा रिकॉल काढला. तोपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की दक्षिण कोरियातल्या एकाच कारखान्यातले सेल सदोष आहेत. तपास पुढे गेला तेव्हा इतर ठिकाणी बनलेल्या सेलमध्येही तसेच दोष निघाले. शेवटी २० ऑगस्ट २०२१ ला कंपनीने तोवर बनलेल्या सगळ्याच बोल्ट गाड्या परत बोलावल्या. एकूण सुमारे १ लाख ४२ हजार. सुरुवात झाली होती तीन आगींच्या नोंदीपासून.

दुरुस्ती होईपर्यंत मालकांना काय सांगितलं, तेही ऐका. नव्वद टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. बॅटरी फार रिकामी होऊ देऊ नका. चार्जिंग झालं की गाडी घराबाहेर उघड्यावर लावा. रात्री घरात चार्जिंगला लावून झोपू नका. ज्यांनी एवढे पैसे मोजून गाडी घेतली, त्यांना ती भर थंडीतही दाराबाहेर ठेवावी लागली. काही सार्वजनिक वाहनतळांनी तर बोल्ट गाडी आत घेणंच थांबवलं.

कंपनीलाही हे महागात पडलं. बॅटऱ्या बदलून द्यायच्या म्हणून नव्या गाड्या बनवायचा कारखाना कित्येक महिने बंद ठेवावा लागला. खर्च जवळजवळ २०० कोटी डॉलरच्या घरात गेला. त्यातले १९० कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या भावाने १४ हजार कोटी रुपयांच्या आसपास, सेल बनवणाऱ्या एलजी कंपनीने भरायचं कबूल केलं. मालकांना नव्या बॅटऱ्या मिळाल्या आणि त्यावर आठ वर्षांची हमी. काहींना मात्र आधी तपासणीची नवी संगणक-व्यवस्था बसवून घ्यावी लागली आणि दोष सापडला तरच बॅटरी बदलून मिळाली. शिवाय मालकांनी एकत्र येऊन कोर्टात दावा लावला होता. त्यात २०२४ मध्ये १५ कोटी डॉलर भरपाईची तडजोड झाली.

एवढ्यावरही संपलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये याच गाडीचा आणखी एक रिकॉल निघाला, अगदी वेगळ्या कारणासाठी. अपघात झाल्यावर पुढच्या सीटचा पट्टा आपोआप घट्ट होतो, त्या यंत्रातून निघणाऱ्या गरम वायूने खालच्या गालिच्याला आग लागू शकत होती. म्हणजे बॅटरी नवी मिळाली म्हणून सगळं संपलं असं समजणारी माणसं इथेही चुकली असती. रिकॉल निघालाय का, हे वर्षातून दोन-तीनदा बघायची सवयच लावून घ्यायला हवी.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मोबाइलवर पाहिला असेल. त्याच सप्टेंबरात वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचं लेकरू गेलं. त्या वर्षी एप्रिलमध्येच ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या चाचणीचे नियम कडक केले. एआयएस १५६ नावाच्या मानकातले ते बदल १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून जुनी, वापरलेली स्कूटर स्वस्तात मिळते म्हणून घेताना ती केव्हा बनली आहे, हे आरसी बुकात बघून घ्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला. गाडीतल्या दोषामुळे चालवणाऱ्याला, बसणाऱ्याला किंवा रस्त्यावरच्या माणसाला धोका असेल, तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायचा हुकूम देऊ शकतं. मग कंपनीने गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची किंवा किंमत परत करायची. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. पण हा हुकूम कशावरून निघतो? ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या किंवा तपासणीत दोष आढळला, तर. फिरून गाडी तक्रारीपाशीच येते. तक्रार मोजली गेली पाहिजे, आणि मोजली जायची तर ती लिहिलेली पाहिजे.

मग करायचं काय? सांगते, वहीत टिपून ठेवा.

पहिलं, आरसी बुक काढा. त्यावर चासी नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिळून सतरा. रिकॉल निघाला की तो चासी नंबरावरूनच बघतात. हा नंबर गटाच्या वहीत कर्जाच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा. एका गटात पाच स्कूटर असतील तर पाच नंबर एका पानावर. सर्व्हिस सेंटरला फोन करून किंवा कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून विचारायचं, या गाडीवर रिकॉल आहे का? शाळकरी पोरांना हे मोबाइलवर दोन मिनिटांत जमतं. आणि गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल, तर कंपनीकडे जुन्या मालकाचाच फोन नंबर असतो. कंपनीचा निरोप त्याला जाईल, तुम्हाला नाही. तेव्हा आपला नंबर तिथे नोंदवून घ्या.

दुसरं, काही बिघड दिसला की त्याच दिवशी तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहा. बॅटरी फुगली, वास आला, तापली, चार्जिंग मधेच बंद पडलं, जे असेल ते. मोबाइलवर फोटो काढा. शोरूममध्ये गेलात तर जॉब कार्ड मागून घ्या आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली आहे का, ते वाचून बघा. "सर्व्हिस केली" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. म्हणावं, "दादा, बॅटरी तापते असं लिहा, मग सही करते." आवाज चढवायची गरज नाही. मात्र कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तिसरं, शोरूमने ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तिथे तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून घ्या. तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" नको.

चौथं, आणि हे सगळ्यात आधी करायचं. बॅटरी झोपायच्या खोलीत चार्ज करू नका. दाराच्या वाटेतही नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. जवळ चारा, सरपण, गॅसची टाकी नको. गाडी उन्हातून आली तर आधी थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच वापरा, बॅटरी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे उघडायला देऊ नका. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर बॅटरी उचलायला जाऊ नका. पोराबाळांना घेऊन बाहेर व्हा आणि ११२ ला फोन लावा. बॅटरी पुन्हा मिळेल.

यातून विजेच्या गाडीची भीती घालायची नाही मला. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, त्यांचेही रिकॉल निघतात. आपल्या बाया या स्कूटरमुळे कुणाच्या मागे न बसता तालुक्याला जाऊन येतात, ही लहान गोष्ट नाही. म्हणून तर ती सुरक्षित असली पाहिजे.

आता जावेचं पुढे काय झालं, ते विचाराल. मेळाव्यानंतर त्या तिघी एका दिवशी मिळून शोरूममध्ये गेल्या. तिघींनी तीन जॉब कार्डं लिहून घेतली. मग तिथूनच १९१५ ला फोन लावला. जावेची बॅटरी तपासायला कंपनीने नेलीय, सध्या ती एसटीने जाते-येते. बाकीच्या दोघींना अजून उत्तर आलेलं नाही, पण त्यांच्याकडे नंबर आहेत आणि त्या दर सोमवारी फोन करतात. परवा फोन करून झाल्यावर जाऊ मला म्हणाली, "ताई, आता तिथला मुलगा उन्हाळ्याचं नाव काढत नाही."

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं या कामाला द्या. ज्यांच्या घरी बॅटरीवरची गाडी आहे, त्यांचे चासी नंबर वहीत उतरवून घ्या. आणि कुणी म्हणाली की माझी गाडी त्रास देते, तर तिला सल्ला द्यायच्या आधी एवढंच विचारा, तक्रारीचा नंबर घेतलास का?